गट नंबर नसलेली माणसं

रस्ता मला हवा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं, की म्हातारा विकासाच्या आड येतोय.

आमचं गाव खंबाटकीच्या दक्षिणेला, वाईच्या बाजूला. चाळीस वर्षं झाली, माझी कोथिंबीर, मेथी, टोमॅटो पुण्याच्या मार्केट यार्डात जातात. कोथिंबीर दुपारनंतर उपटायची, अंधार पडेस्तोवर जुड्या बांधायच्या, ओलं गोणपाट टाकायचं आणि रात्री टेम्पो सोडायचा. रात्री दोनला पोचलेल्या जुडीला शेकड्याचा जो भाव मिळतो, तो सकाळी सहाला पोचलेल्या जुडीला मिळत नाही. मधल्या थरातली जुडी गरम होते, पानं पिवळी पडतात, आणि आडत्या नुसता हात घालून बघतो आणि काही न बोलता पुढच्या मालाकडं जातो. टेम्पो अडकतो कुठं? कधी बोगद्यात, कधी बोगद्यापुढच्या त्या वाकड्या वळणावर, कधी खेड शिवापूरला, आणि तिथनं सुटला तर नवले पुलाशी. रस्त्यात उभं राहून माल मरताना बघणं काय असतं ते मी जाणतो. म्हणून खंबाटकीला तीन-तीन पदरी दोन नवे बोगदे खोदायला घेतले तेव्हा मला बरंच वाटलं. कुणी वाटेत थांबवून विचारलं असतं, तर मी दोन्ही हात वर केले असते.

पण मला कुणी विचारलं नव्हतं. आणि पुढं जेव्हा विचारण्याची वेळ आली, तेव्हा ती माझ्यावर नाही, माझ्या बहिणीवर आली.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला दिली ती पुण्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात. अडीच एकर भाताची खाचरं, एक आंबा, आणि शेताला लागून ओढा. तिच्या गावावरून शहराची कोंडी फोडणारा एक नवा रस्ता आखला गेला. रस्त्याचं आणि हापिसाचं नाव मी घेत नाही. त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत, आणि त्यातला एक तर फार भला माणूस होता. आखणीच्या खुणा पडल्या, गट नंबरांची यादी लागली. यादीत अक्काचा गट नव्हता. भावकीतल्या बायका तिला म्हणाल्या, वाचलीस बाई. अक्का म्हणाली, "वाचले का बुडाले ते पावसाळ्यात कळंल."

तिचं म्हणणं साधं होतं. रस्ता तिच्या बांधापासून दोनशे फुटांवर, उताराच्या अंगाला जाणार होता. सपाट नव्हे, पुरुषभर उंचीच्या भरावावर. डोंगरावरून येणारा ओढा त्या भरावाखालून काढायचा तर मोरी पाहिजे. मोरी लहान ठेवली तर पाणी तुंबून मागं फिरणार, आणि मागं आहेत अक्काची खाचरं. जमीन तिची जाणार नाही, म्हणून भरपाई नाही. भात मात्र जाणार.

इथं मला पहिल्यांदा कळलं, की सरकारच्या कागदात माणूस किती प्रकारचा असतो. जमीन घेण्याच्या कायद्याला माणूस म्हणजे सातबारा. राष्ट्रीय महामार्गाचा १९५६ चा कायदा घ्या. त्यात अधिसूचना निघाल्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते, पण ती कुणाला? त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला. अक्काचा त्या जमिनीत काही संबंध नाही. तिचा संबंध पाण्याशी. पाण्याला गट नंबर नसतो.

समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, रुंदी १२० मीटर. एका किलोमीटरला बारा हेक्टर, म्हणजे साधारण तीस एकर. ही जमीन कुणाकुणाची, ते कागदावर मोजता येतं आणि मोजलंही जातं. पण त्या एका किलोमीटरच्या दोन्ही अंगांना ज्यांची वाट तुटते, ज्यांच्या विहिरीचा झरा फिरतो, ज्यांच्या म्हशी पलीकडच्या गायरानात जायच्या त्या अलीकडंच राहतात, त्यांना मोजायचा फॉर्म आमच्या तलाठ्याकडं नाही.

मग भाचेसुनेनं एक कागद आणला. ती शाळेत शिकवते, कायद्याचं वाचायची तिला आवड. रस्त्याला पर्यावरणाची परवानगी लागणार होती आणि त्यासाठी जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना आहे, तिच्यात हे सगळं दिलेलं आहे. ती एकेक कलम वाचत होती आणि मी नि अक्का ओट्यावर बसून ऐकत होतो. सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात. जिथं वर्तमानपत्र पोचत नाही तिथं दवंडी पिटावी, असंसुद्धा लिहिलंय. दिल्लीच्या कागदात दवंडी बघून मला हसू आलं. आमच्या गावची हलगी बंद पडून पंचवीस वर्षं झाली, पण दिल्लीत ती अजून वाजतेय.

पुढं एक ओळ आली आणि मी भाचेसुनेला म्हटलं, परत वाच. सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची गरज नाही.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. शंभर माणसं किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, जे कमी असेल ते. बाराशे मतदारांच्या गावात मोरी दुरुस्त करायची तर शंभर डोकी मोजायची. आणि डोंगर फोडून रस्ता न्यायचा त्या सुनावणीला एकही माणूस आला नाही तरी चालतं? मला वाटलं ही पळवाट ठेवलीय. मांडव घालायचा, खुर्च्या मांडायच्या, कुणी नाही आलं तर झाली सुनावणी.

अक्का म्हणाली, "मोजायची न्हाईत म्हंजे बरंच हाय की. मी एकलीच गेले तरी लिवून घ्यावं लागंल."

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण आणि अक्काचं चौथीपर्यंतचं. पण कायदा तिला माझ्याआधी कळला. सुनावणीत मतदान नसतं. हात वर करून रस्ता पास-नापास होत नाही. हजार माणसं 'पाहिजे' म्हणाली आणि एक म्हातारी 'ओढा' म्हणाली, तर हजारांच्या ओझ्याखाली तो ओढा बुजत नाही. तिचं बोलणं इतिवृत्तात यावं लागतं, शेवटी ते लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, आणि रस्ता करणाऱ्याला त्यावर उत्तर द्यावं लागतं. गावगाड्यात डोकी मोजून चालणारा कारभार मी जन्मभर बघितला. ज्याची भावकी मोठी त्याचा पाणंद रस्ता आधी होतो. डोकी न मोजणारी एखादी जागा सरकारनं ठेवलीय, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

तरी मनात एक खुटखुट होतीच. विचारताय कधी? रेषा मारून झाली, खुणा रोवून झाल्या, आता विचारताय. आमच्यात पूर्वी मुलीला असंच विचारायचे. सुपारी फुटलेली, मानपान ठरलेलं, आणि मग आजी उंबऱ्यात बसून विचारायची, "काय गं, पसंत हाय ना?" तिनं काय म्हणायचं? माझी एक चुलती मात्र खमकी निघाली. ती म्हणाली, "पसंत हाय, पर त्यास्नी आड न्हाय. पाणी मैलभर लांब हाय. आड खणतो म्हणत्याल तर उभी राहते." सासऱ्यानं बैठकीत ऐकलं आणि लग्नाआधी आड खणला. लग्न मोडायचा हक्क तिला नव्हताच. पण पुढच्या साठ वर्षांत त्या घरातल्या चार सुना त्या आडाचं पाणी प्यायल्या.

म्हणून उशिरा विचारलं म्हणजे विचारणंच खोटं, असं मी म्हणत नाही. उशिरा विचारणारा निम्मं काम चुकवतो, एवढं खरं. अहवालात पर्यायांचा एक भाग असतो. रस्ता कुठून नेता आला असता, न नेला तर काय झालं असतं, हे त्यात लिहावं लागतं. आमच्या अहवालात तीन रेषा होत्या. तिन्ही ओढा ओलांडत होत्या. तीन स्थळं दाखवली म्हणायची आणि तिन्ही एकाच घरातले भाऊ.

अहवाल जाडजूड इंग्रजीत, आणि त्याचा सारांश मराठीत. सारांशात ओढ्याबद्दल एक ओळ होती: हंगामी नाला, पाहणीच्या वेळी कोरडा. भाचेसुनेनं मूळ अहवालात शोधलं. पाहणी मार्च ते मे. मी म्हटलं, हे लबाडी करतायत. ती म्हणाली, "न्हाई मामा, नियमच तसा आहे. पावसाळा सोडून एका हंगामाची मोजमापं घेतली तरी चालतात."

हे मला अजून पचलेलं नाही. हवेची धूळ मोजायची तर उन्हाळा बरोबर, पावसात धूळ बसते, दोष झाकला जातो. तिथवर त्या नियमाला अर्थ आहे. पण ज्या मुलखात वर्षाचं सगळं पाणी चार महिन्यांत येतं आणि उरलेले आठ महिने त्या चार महिन्यांच्या भरवशावर काढायचे, तिथला ओढा शिमग्यात बघून कसा समजणार? बैल विकत घेताना आपण त्याला बसलेला बघून पैसे देत नाही. उठवतो, चालवतो, जमलं तर जू मानेवर ठेवून बघतो. ओढ्याचं जू म्हणजे आषाढ.

सुनावणी थंडीच्या दिवसांत झाली. मांडव मोठा, पाण्याच्या बाटल्या, व्हिडिओवाला. पहिल्या तासात खुर्च्या भरलेल्या होत्या आणि बोलणं सगळं एकाच गोष्टीवर: दर. अध्यक्ष साहेब दर पाच मिनिटांनी सांगत होते, की दर हा आजचा विषय नाही, तो भूसंपादनात बोला. पोरं ओरडत होती. त्यांचंही चूक नव्हतं. ज्याची जमीन जाते त्याला दर सोडून दुसरं काय दिसणार? एकाला एकदाच विकायची वस्तू आहे, पुन्हा येणार नाही. पण त्या गोंगाटात मला दिसत होतं, की ज्यांचा गट यादीत आहे त्यांना बोलायला दुसरी जागा होती, आणि ज्यांचा नाही त्यांना ही एकच. आणि ती एक जागा पहिल्यांनीच भरून टाकलेली. दर ऐकायला आलेली माणसं दर नाही म्हटल्यावर उठून गेली. मांडव अर्धा रिकामा झाला तेव्हा अक्का उभी राहिली.

"सायेब, माझा गट नंबर न्हाय यादीत. बोलू का?"

साहेब म्हणाले, "बोला आजी. तुमच्यासाठीच आहे हे."

"तुमच्या पुस्तकात आमचा वढा कोरडा लिवलाय. तो शिमग्यात कोरडाच आसतो. आखाडात या. मी च्या पाजीन, आन् मग तुमीच सांगा मोरी केवढी लागंल."

माणसं हसली. अहवाल करणाऱ्या सल्लागारांचा तरुण पोरगा उभा राहून नियमाचं सांगू लागला. साहेबांनी त्याला थांबवलं आणि लेखनिकाला म्हणाले, आजी जसं बोलल्या तसं लिहा. हाच तो भला माणूस.

तिथं नसलेली माणसंही होती. दरसाल दिवाळीनंतर त्या गावच्या खिंडीतून धनगरांचे वाडे कोकणात उतरतात, आणि पावसाच्या तोंडाला परत वर येतात. त्यांची वाट त्या रेषेला आडवी जाते. सुनावणीच्या दिवशी वाडे कोकणात. त्यांचा गट नंबर नाहीच, पण त्या तारखेला पत्ताही नव्हता. त्यांच्या वतीनं एका शाळामास्तरानं दोन वाक्यं सांगितली, तेवढीच. पेंचच्या जंगलातून नागपूर-शिवनी रस्ता रुंद करताना वाद कोर्टापर्यंत गेला, आणि मग जनावरांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा ठेवल्या. सगळ्यांत मोठी ७५० मीटर लांब. वाघ तिथून ये-जा करताना कॅमेऱ्यात दिसले. मला त्याचा आनंदच आहे. वाघ सुनावणीला गेला नव्हता, त्याच्या वतीनं माणसं भांडली. मेंढरांच्या वतीनं भांडायला कोण जाणार, एवढंच मनात आलं.

मी त्या दिवशी बोललो नाही. मी त्या गावचा नाही. कायद्यात तशी वाटणी आहे: जागेवरच्या बाधित लोकांनी बोलावं, आणि ज्यांचा दुरून काही संबंध येतो त्यांनी लेखी द्यावं. माझा संबंध येत होता. मी त्या रस्त्याचा गिऱ्हाईक. मी लेखी दिलं.

ते लिहायला बसलो तर भाचा चिडला. "मामा, तुमची कोथिंबीर लवकर पोचणार. तुमी कशाला मधी पडताय? रस्ता पायजे म्हणताय, आन् रस्त्यातच दगूड टाकताय."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं आणि मला उत्तर द्यायला दोन दिवस लागले. विरोध करणाऱ्याला सगळे विचारतात, तू का विरोध करतोस, कारण दे. पाहिजे म्हणणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. पण हिशोब लावला तर उलटं व्हायला पाहिजे. माझे दोन तास वाचणार, ते कुठून येणार? आभाळातून पडणार नाहीत. थोडे अक्काच्या खाचरातून येणार, थोडे धनगराच्या मेंढरांच्या पायांतून. शेजाऱ्याच्या रानातून पाइपलाइन न्यायची तर पाणी मला पाहिजे असतं, म्हणून पायरी मीच चढायची असते. चर कुठून खणू, पीक निघाल्यावर खणू का, माती परत भरून देईन, हे मी विचारायचं. 'नेऊ नको' म्हणायची पाळी त्याच्यावर येईपर्यंत मी गप्प बसलो, तर तो शेजारधर्म नव्हे. मग रस्ता मला हवा असताना ओढ्याची चौकशी अक्कानं एकटीनंच का करायची?

मी लिहिलं, की मी भाजी पिकवणारा शेतकरी आहे, रस्ता मला हवा आहे. ओढ्यावर नळाची मोरी न टाकता पूल बांधावा, आणि मेंढरं जातील एवढी कोरडी वाट त्याच्या बाजूनं ठेवावी. त्याला जादा खर्च येईल तो माझ्या टोलात घालावा. शेवटचं वाक्य भाचेसुनेनं खोडायला लावलं नाही. म्हणाली, राहू द्या, असं कुणी लिहीत नाही.

कोंडी फुटेल की नाही, हा वेगळा प्रश्न, आणि त्यावर माझा फार विश्वास नाही. आमच्याकडं कालव्याचं पाणी वाढवलं तेव्हा इंजिनिअर म्हणाले, आता टेलच्या माणसाला पाणी पुरेल. पाणी वाढलं, तसं वरच्या अंगानं ज्वारीवाल्यांनी ऊस लावला. टेलचा माणूस होता तिथंच राहिला. रस्त्याचं तसंच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला तेव्हा आता प्रश्न मिटला असं सगळे म्हणत. वीस वर्षं होत आली नाहीत तोवर खंडाळ्याच्या घाटात गाड्या तुंबल्या म्हणून 'मिसिंग लिंक' काढावी लागली. १३ किलोमीटरवर लांबी, त्यातला एक बोगदाच जवळजवळ नऊ किलोमीटरचा. माझ्या नातवाच्या वेळी आणखी एक निघेल. म्हणून रस्ते करू नयेत असं नाही. ज्वारीवाल्यालाही ऊस लावावासा वाटणारच. पण 'कोंडी फुटेल' हा शब्द ज्या अहवालात पन्नास वेळा येतो, त्यात ती किती वर्षांसाठी फुटेल हे एकदा तरी लिहिलेलं असावं.

आणि एक. सगळ्याच रस्त्यांना ही सुनावणी लाभत नाही. २०१३ साली नियम बदलला. असलेला राष्ट्रीय महामार्ग वाढवायचा तर शंभर किलोमीटरच्या वर, आणि जादा रुंदी चाळीस मीटरच्या वर, बाह्यवळणाला साठच्या वर, तरच पर्यावरणाची ही परवानगी. मग लांब रस्त्याचे तुकडे केले की काम भागतं. तमिळनाडूत विळुपुरम-नागपट्टिणम रस्त्यावरून हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. जानेवारी २०२१ मध्ये कोर्टानं सांगितलं, की परवानगी चुकवण्यासाठी तुकडे पाडण्याची चाल चालणार नाही. तो रस्ता मात्र पुढं सुरू राहिला. आम्हा शेतकऱ्यांना १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. दोन भावांनी वीस गुंठ्यांची वाटणी केली तर दस्त नोंदवताना नाकी नऊ येतात.

सुनावणीनंतर काही महिन्यांनी पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. लोकांनी काय विचारलं आणि त्यावर रस्ता करणाऱ्यांचं उत्तर काय, असे दोन रकाने. अक्काचं नाव सतराव्या ओळीत. डाव्या रकान्यात: ओढ्यास पावसाळ्यात मोठा पूर येतो, मोरीचा आकार त्यानुसार ठेवावा. चहाचं काही लिहिलेलं नव्हतं. उजव्या रकान्यात: सविस्तर आराखड्याच्या वेळी पुराची पातळी विचारात घेऊन योग्य आकाराचे बांधकाम करण्यात येईल.

भाचा म्हणाला, ही नुसती भाषा आहे. असेल. पण 'पुराची पातळी' हे तीन महिन्यांच्या पाहणीतून आलेलं नव्हतं, ते आमच्या ओट्यावरून गेलेलं होतं. अक्कानं तो कागद झेरॉक्स करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि मला विचारलं, "पातळी इचारात घ्याची म्हंजे त्यास्नी कुणी सांगायची?"

अजून कामाला सुरुवात नाही. गेल्या आषाढात मी तिच्याकडं चार दिवस राहायला गेलो. ओढ्याच्या काठाला तीन जुनी उंबरं आहेत. पाऊस उघडला, की भाचेसून मोबाइलवर तारखेसह फोटो काढायची, आणि मी पाणी जिथवर चढलं तिथं झाडाच्या बुंध्याला तेलात कालवलेल्या गेरूची रेघ ओढायचो. चार दिवसांत तीन रेघा झाल्या. सगळ्यांत वरची माझ्या छातीला लागते. यंदाही जायचं ठरलंय. गेरू अक्कानं आणून ठेवलाय.